पाण्याखाली घड्याळाचा रंग बदलतो? दुरुस्तीला आणण्याआधी हे तपासा

नोव्हेंबर लागला, समुद्र निवळू लागला आणि गोव्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटाकडे डायव्हिंगच्या बोटी सुरू झाल्या की म्हापशातल्या माझ्या दुकानात एक तक्रार हमखास येते. "भाऊ, बोटीवर होतो तोवर काचेभोवतीची रिंग लालभडक होती. खाली गेलो तर काळी पडली. वर आलो तर परत लाल. आत पाणी तर नाही ना गेलं?" कधी लाल रिंगेऐवजी केशरी डायल असतो. कधी निळा डायल काळा दिसलेला असतो, तर कधी डायलच गायब होऊन काचेचा आरसा झालेला असतो.

यातली बहुतेक घड्याळे ठणठणीत असतात. तरीही दर हंगामात काही घड्याळे नुसत्या शंकेपोटी कुठेतरी उघडली जातात आणि उघडल्यामुळेच बिघडतात. मागचे झाकण खोलले, जुनी रबर रिंग तशीच परत बसवली, दाबाची चाचणी घेतली नाही, की पुढच्या बुडीत खारे पाणी मशीनपर्यंत पोचते. चांगले घड्याळ असे वाया गेलेले पाहताना मला वाईट वाटते, कारण त्याच्यात काहीच बिघाड नव्हता. म्हणून कुणाच्याही हातात घड्याळ देण्याआधी खालच्या गोष्टी क्रमाने करून पाहा. पहिल्या काहींना एक पैसाही लागत नाही.

आधी लक्षणे नीट ओळखा

गिऱ्हाईक "रंग बदलला" एवढेच सांगते, पण त्या दोन शब्दांत निरनिराळ्या तक्रारी असतात.

पहिला गट असा: लाल रंग तपकिरी किंवा काळा दिसतो, केशरी मळकट होतो, निळा आणि काळा डायल ओळखू येत नाहीत, घड्याळाची सोनेरी केस, म्हणजे बाहेरचे धातूचे कवच, हिरवट दिसते. मनगट थोडे कलते केले की सगळा डायल चंदेरी होतो आणि काटे दिसेनासे होतात. काचेवरची जांभळट झाक नाहीशी होते. कापडी पट्टा गडद होतो. घड्याळ पाण्याबाहेर काढून पुसले, की यातले सगळे पूर्ववत होते.

दुसरा गट वेगळा. काच आतून दुधी दिसते. डायलवर डाग पडतो किंवा त्याची कड फुगते. रेडियमचे ठिपके काळवंडतात. काट्यांच्या बुडाशी तांबूस गंज दिसतो. हे वर आल्यावरही जात नाही, किंवा गेल्यासारखे वाटते आणि दुपारच्या उन्हात पुन्हा उगवते.

पहिल्या गटाचे कारण प्रकाशात आहे, दुसऱ्याचे घड्याळात. दुसऱ्या गटातले एक जरी लक्षण दिसले तरी मधल्या तपासण्या सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

१. जमिनीवर, दिवसाच्या उजेडात पाहा

पाण्यात उतरण्याआधी घड्याळ पांढऱ्या कागदावर किंवा रुमालावर ठेवून सावलीत एक फोटो काढा. वर आल्यावर, शक्यतो तशाच उजेडात, तसाच दुसरा काढा. सोबत पांढरी वस्तू हवीच, कारण तिच्यावरून दोन्ही फोटोंतला उजेड सारखा होता की नाही ते कळते. रंगाच्या बाबतीत आठवणीवर फार विसंबू नये, विशेषतः गडद निळ्या डायलबाबत. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तो एक दिसतो आणि मिरामारच्या किनाऱ्यावर भर उन्हात दुसराच.

दोन्ही फोटो जुळले, तर रंग उडालेला नाही. जुळले नाहीत, तर काय बदलले ते बघा. ॲल्युमिनियमच्या रिंगेवरचा रंग वर्षानुवर्षांच्या उन्हाने फिका पडतो. लाल गुलाबीकडे जातो, काळा राखाडी होतो. आपल्याकडे बरेच तारवटी, म्हणजे जहाजावरचे खलाशी, बोटीवरून परतताना निळ्या-लाल रिंगेची घड्याळे घेऊन येतात. त्यांत हे खूप दिसते. ते एका बुडीत होत नाही. त्या दिवशी लक्ष गेले, एवढेच. रिंगेवरची पट्टी नवी मिळते, आणि ती फिकी झाली म्हणून घड्याळात पाणी शिरत नाही. सिरॅमिकची पट्टी अशी उडत नाही. कांशाच्या केसवर खाऱ्या पाण्याने हिरवट-तपकिरी थर चढतो, तो त्या धातूचा स्वभाव आहे. गोड्या पाण्याने धुऊन कोरडे ठेवले की तो थर चढण्याचा वेग कमी होतो.

२. धुऊन पाहा

ही तपासणी क्षुल्लक वाटते म्हणून लोक ती टाळतात, आणि तिथेच अर्धे कोडे सुटलेले असते. डायव्हिंगच्या दिवशी काचेवर सनस्क्रीन असते, बोटीतल्या डिझेलचा हात लागलेला असतो, वर मीठ सुकलेले असते. तेलाचा पातळ थर पाण्यात आणि उन्हात सप्तरंगी झाक देतो, पावसात पेट्रोल पंपासमोरच्या डबक्यावर दिसते तशी. मिठाचा थर असेल तर काच आतून धूसर झाल्यासारखी वाटते.

आधी चावी, म्हणजे घड्याळाच्या बाजूचे फिरवायचे बटण, पूर्ण बंद आहे का ते पाहा. पेचाची चावी असेल तर ती शेवटपर्यंत फिरवलेली हवी. मग कोमट गोडे पाणी, साध्या साबणाचा एक थेंब आणि लहान मुलाचा मऊ ब्रश घेऊन काच, रिंगेची खाच आणि मागची बाजू धुवा. स्वच्छ पाण्याने साबण काढून टाका आणि मऊ कापडाने पुसा. रिंग फिरती असेल तर पाण्याखाली धरून दोन-चार वेळा फिरवा, आत अडकलेली वाळू निघते. हे प्रत्येक बुडीनंतर करायलाच हवे, तक्रार असो वा नसो.

कापडी किंवा नायलॉनचा पट्टा ओला असताना गडद दिसतो, कारण धाग्यांमधली हवा जाऊन तिथे पाणी बसते आणि पृष्ठभागावरून परत विखुरणारा प्रकाश कमी होतो. वाळला की पहिल्यासारखा होतो. चामड्याचा पट्टा मात्र समुद्रात नेऊच नका.

३. बादलीत तिरके करून पाहा

"डायलचा आरसा झाला" ही तक्रार घेऊन येणारा माणूस सर्वांत घाबरलेला असतो. त्याच्यासाठी मी दुकानातच पाण्याचे भांडे ठेवतो. हे घरीही करता येते, पण घड्याळ पाण्यात घालण्याजोगे असले पाहिजे. वडिलांचे जुने चावीचे एचएमटी बादलीत बुडवायचे नाही.

घड्याळ पाण्यात धरा आणि आपल्यापासून पलीकडे हळूहळू कलते करा. एका ठरावीक कोनाला डायल अचानक नाहीसा होऊन चकचकीत चंदेरी पृष्ठभाग दिसेल. परत सरळ केले की डायल हजर. घड्याळ निव्वळ आडवे ठेवून वरून कितीही तिरके पाहिले तरी हे नीट दिसत नाही, त्यामुळे घड्याळच कलते करावे लागते.

कारण असे. घड्याळाच्या काचेखाली हवा असते. पाण्यातून काचेत आणि काचेतून त्या हवेत जाताना प्रकाश वळतो. पाण्यातली आपली नजर काचेला काटकोनात असलेल्या रेषेपासून सुमारे ४९ अंशांहून जास्त तिरकी झाली, की त्या बाजूने हवेत जायला वाटच उरत नाही आणि सगळा प्रकाश काचेच्या आतल्या पृष्ठभागावरून परत फिरतो. काच सपाट असेल तर ती नीलमण्याची म्हणजे सफायरची असो, साधी मिनरल असो, जाड असो वा पातळ, हा कोन तोच राहतो. फुगीर काचेत तो जागोजागी थोडा बदलतो. डिजिटल घड्याळाचे आकडे नाहीसे होतात तेही याच कारणाने.

मी हे भांडे दाखवतो त्याचे आणखी एक कारण आहे. आरसा दिसणे हे चांगले लक्षण आहे. काचेखाली हवा आहे म्हणूनच तो तयार होतो. काचेखालची जागा पाण्याने भरली असती, तर डायल बाजूनेही दिसत राहिला असता. काही घड्याळे मुद्दाम तेलाने भरलेली असतात. जर्मनीच्या झिन कंपनीचे यूएक्स हे त्यातले ओळखीचे. त्यात हवाच नसल्याने पाण्याखाली ते कुठूनही वाचता येते. आपल्या नेहमीच्या घड्याळात तसे होऊ लागले तर मात्र चिंता करा. आरसा दिसला म्हणजे आत थेंबभरही ओल नाही, असे मात्र धरू नका. त्यासाठीची तपासणी पुढे आहे.

बादलीत आणखी एक गोष्ट लक्षात येते: लाल रिंग वीतभर पाण्यात लालच राहते. पाण्याचा नुसता स्पर्श रंग बदलत नाही. त्यासाठी डोक्यावर कित्येक मीटर पाणी लागते.

४. खाली असताना टॉर्च मारा

सगळ्या तपासण्यांतून एकच निवडायला सांगितले तर मी ही निवडेन. बुडीत ज्या ठिकाणी रंग काळा दिसतो त्याच ठिकाणी, त्याच खोलीवर, पांढऱ्या उजेडाचा डायव्हिंग टॉर्च घड्याळापासून वीतभर अंतरावर धरा. लाल लाल दिसला, केशरी केशरी दिसला, तर डायल शाबूत आहे. पुढे काही करायची गरज नाही. टॉर्च नसेल तर सोबतच्या प्रशिक्षकाकडे असतो. उतरण्याआधीच त्यांना सांगून ठेवा, आणि हे करताना हवेच्या मीटरवरचे लक्ष ढळू देऊ नका.

हे का घडते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. लाल रिंग स्वतः लाल प्रकाश बनवत नाही. सूर्याच्या पांढऱ्या उजेडातला लाल भाग ती परत पाठवते, बाकीचा गिळते. पाणी नेमका हाच लाल भाग आधी शोषते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचे बंध असतात. त्यांच्या कंपनांमुळे लाल आणि त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश पाण्यात जिरतो. पाणी अगदी शुद्ध असले तरी ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश ५ मीटर खोलीवर पाचव्या हिश्शाहून कमी उरतो. १० मीटरवर शंभरातले तीन-चार भाग. तेवढ्याच पाण्यात निळ्या प्रकाशाचा जेमतेम दहावा हिस्सा जातो. मग १० मीटरवर लाल रिंगेला परत पाठवायला लाल प्रकाश मिळतच नाही. आलेला निळा-हिरवा ती गिळते आणि आपल्याला काळी दिसते. केशरी रंग त्याच्या मागोमाग उतरतो, मग पिवळा. कालवांच्या खडपावर बोट कापले तर खाली रक्त हिरवट-काळे दिसते, तेही याचमुळे. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो.

टॉर्चचा उजेड मात्र वीतभरच पाण्यातून जातो आणि हातभर पाण्यातून डोळ्यांपर्यंत येतो. एवढ्या अंतरात लाल फारसा जिरत नाही, म्हणून रंग जागच्या जागी परत येतो. "रात्रीच्या बुडीत रंग बरोबर दिसतो, दिवसा चुकतो" असे काही जण गोंधळून सांगतात. रात्री सगळे टॉर्चच्या उजेडातच पाहतात, म्हणून तसे होते. थंड पांढऱ्या एलईडीत गडद लाल मुळातच कमी असतो, त्यामुळे त्या उजेडात लाल किंचित विटकरी वाटला तर गोंधळू नका.

गोव्याच्या पाण्याचा मुद्दा यात वेगळा जोडला जातो. मांडवी आणि झुआरी घाटावरून, जांभ्याच्या मातीतून गाळ घेऊन येतात. त्यात समुद्रातले सूक्ष्म शेवाळ आणि कुजलेल्या पाल्याचा विरघळलेला पिवळट अंश मिसळतो. हा पिवळट अंश निळा प्रकाश शोषतो. लाल पाण्याने घेतला, निळा गाळाने आणि शेवाळाने, उरला हिरवा. म्हणून ग्रँड आयलंडभोवती, सूझीज रेक या बुडालेल्या जहाजाजवळ, निळा डायलही काळपट-हिरवा होतो. तेच घड्याळ घालून माणूस खाली कर्नाटकात मुर्डेश्वरच्या समुद्रातल्या नेत्राणीला जातो, आणि तिथल्या स्वच्छ पाण्यात निळा छान उजळ दिसतो. मग तो मला विचारतो की घड्याळ आपोआप बरे कसे झाले! घड्याळ तेच होते, पाणी वेगळे होते. लाल मात्र नेत्राणीलाही खोलीवर जातोच, कारण त्याला गाळ लागत नाही, पाणी पुरते.

याच तपासणीत आणखी एक चमत्कार वाटणारी गोष्ट दिसते. जमिनीवर डायल आणि मिनिटकाटा दोन्ही एकसारखे केशरी असतात. खाली डायल तपकिरी होतो आणि काटा मात्र केशरीच झळकतो. लोकांना वाटते डायल जळाला. काट्याचा रंग प्रतिदीप्त, म्हणजे फ्लोरोसंट असतो. तो निळा-हिरवा प्रकाश घेऊन स्वतः केशरी प्रकाश बाहेर टाकतो. निळा-हिरवा खालीही भरपूर असतो, म्हणून तो चमकत राहतो. साध्या रंगाला ही सोय नाही. काही पट्टे आणि फिन्स खोलवरही भडक दिसतात, त्यामागेही हेच.

५. मास्क, कॅमेरा आणि काचेवरचा लेप

मास्कची काच रंगीत आहे का पाहा. काही मास्कना मुद्दाम गुलाबी-लालसर झाक दिलेली असते, काहींना आरशासारखा लेप. सोबत्याच्या मास्कमधून त्याला तेच घड्याळ कसे दिसले ते विचारा. दोघांना वेगवेगळे दिसले तर उत्तर मास्कमध्ये आहे.

फोटो दाखवून तक्रार करणारे आता जास्त येतात. कॅमेरा रंगांचा तोल स्वतः ठरवतो आणि हिरव्या पाण्यात तो तोल ढळतो. लाल फिल्टर लावला तर उथळ पाण्यात सगळे गुलाबी होते. फोटोत स्वतःच्या हाताची कातडी पाहा. कातडीच हिरवी-निळी दिसत असेल, तर त्या फोटोवरून डायलबद्दल काहीही ठरवता येत नाही.

काचेवरची जांभळी-निळी झाक पाण्यात नाहीशी झाली, म्हणजे कोटिंग उडाले असे नाही. हवेत सफायर काचेच्या एका उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ८ टक्के प्रकाश परत येतो. पाण्यात तोच पृष्ठभाग सुमारे २ टक्केच परत पाठवतो, कारण पाणी आणि काच यांच्यातला प्रकाशीय फरक हवेपेक्षा कमी असतो. प्रतिबिंब रोखणारा लेप हवेसाठी बनवलेला असतो, त्यामुळे पाण्यात त्याची झाक बदलते. वर आल्यावर काच कोरडी करून ट्यूबलाइटखाली पाहा. झाक परत आली तर लेप आहे. तुकड्यातुकड्यांनी गेलेली दिसली तर तो घासला गेला आहे. ते दिसायला वाईट, पण पाणी शिरण्याशी त्याचा संबंध नाही.

६. थेंबाची तपासणी

इथपर्यंत सगळे ठीक निघाले आणि तरीही मनात धाकधूक असेल, तर ही करा. डायव्हिंगच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ओल शोधायची एक साधी रीत आहे: घड्याळ ४० ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत गरम करायचे, काचेवर १८ ते २५ अंशांच्या पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा आणि काचेच्या आतल्या बाजूला वाफ धरली का पाहायचे. धरली तर घड्याळ नापास. आत ओल असेल तर ती थंड जागी, म्हणजे थेंबाखाली, जमते.

घरी एवढे गरम करायच्या भानगडीत पडू नका. स्टोव्ह नको, इस्त्री नको, बोटीचे इंजिन नको. उन्हातून चालून आलात आणि घड्याळ मनगटावर चांगले तापले असेल, तेव्हा चावी बंद असल्याची खात्री करून काचेच्या मधोमध गार पाण्याचा एक थेंब ठेवा. बर्फ ठेवू नका. मिनिटाने कोरड्या कापडाने पुसून बाजूच्या उजेडात तिरके पाहा. थेंबाच्या जागी, पुसूनही न जाणारा धुरकट गोल दिसला, तर ओल आत आहे. दिसला नाही तर चांगले, पण घड्याळ तेवढे तापलेले नसल्याने ही तपासणी मानकाइतकी कडक नाही हे लक्षात असू द्या.

गोव्यात या गोलामागे एक ठरावीक इतिहास सापडतो. पावसाळ्यात कुठल्यातरी फुटपाथवरच्या टेबलावर सेल बदललेला असतो. जुलैतली दमट हवाच आत बंद झालेली असते आणि रबर रिंगही चेपलेली असते. म्हणून पाण्यात घालायच्या घड्याळाचा सेल जिथे दाबाची चाचणी होते तिथेच बदलून घ्या. पाच-पन्नास रुपये वाचवायची ती जागा नव्हे.

घड्याळ निर्दोष निघाले, पण खाली वाचताच येत नाही

हा बिघाड नाही, पण अडचण खरी आहे, कारण बुडीत वेळ वाचणे ही सुरक्षिततेची गोष्ट आहे. रिंगेवरची पहिली १५ किंवा २० मिनिटे लाल असतील आणि तुम्ही त्या लालवर विसंबत असाल, तर १० मीटरवर तो लाल तुमच्या उपयोगाचा नाही. शून्यावरचा चमकता त्रिकोण किंवा ठिपका पाहून मोजायची सवय करा. रंगापेक्षा उजेड-अंधाराचा फरक खाली टिकतो: काळ्यावर पांढरे, पांढऱ्यावर काळे. १९५३ साली बाजारात आलेल्या रोलेक्स सबमरीनर आणि ब्लँकपेन फिफ्टी फॅदम्स या दोन्ही घड्याळांचे डायल काळे आणि खुणा चमकत्या ठेवलेल्या होत्या. १९६७ मध्ये डोक्साने सब ३०० हे केशरी डायलचे घड्याळ आणले. केशरी आवडत असेल तर जरूर घ्या, पण खाली तो भडकच राहील असे गृहीत धरू नका.

रेडियमचा रंग मात्र निर्धास्तपणे निवडा. आपण बाजारात अजूनही रेडियम म्हणतो, पण आताच्या बहुतेक घड्याळांत किरणोत्सारी काही नसते. तो स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा लेप असतो, उजेड साठवून हिरवा किंवा निळसर प्रकाश देणारा. तो प्रकाश डायलमधूनच निघतो आणि हातभर पाण्यात त्याला काही होत नाही. आयएसओ ६४२५ मध्ये घड्याळ अंधारात २५ सेंटीमीटरवरून वाचता यावे अशी अट आहे. खाली ते मंद वाटले तर डायव्हिंगचा सूट किंवा बाही काचेवर होती का आठवा. बोटीवर दोन मिनिटे उन्हात धरून मग उतरा.

इथे थांबा आणि कारागिराकडे द्या

काचेच्या आत वाफ, थेंब, डाग, गंज, अडखळणारा काटा किंवा खरखरत फिरणारी चावी, यातले काहीही दिसले तर घरगुती प्रयोग संपले. चावी ओढू नका आणि मागचे झाकण फिरवू नका. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने आतले मीठ निघत नाही. हेअर ड्रायरने आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवल्याने रबर आणि वंगण खराब होते, वाफ मात्र आतच फिरत राहते. ती दिसेनाशी झाली तरी गेलेली नसते.

खारे पाणी आत गेले असेल तर त्याच दिवशी द्या. रविवार असेल, पणजीत किंवा मडगावात दुकाने बंद असतील, तर सोमवारी पहिले काम ते. खाऱ्या पाण्याने पोलादी चाके आणि दांडे फार लवकर गंजतात, आणि सेलच्या घड्याळात सर्किटवर हिरवा थर चढतो. एका दिवसात उघडून धुतलेले मशीन बहुधा वाचते. आठवडा गेला की मशीनच बदलावे लागते आणि खर्च कितीतरी पट होतो. डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे बुडीची खोली आणि वेळ मोजणारे यंत्र, असेल तर माझ्यासारख्याकडेही आणू नका, त्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात द्या. त्याचा दाबाचा सेन्सर बिघडला तर तुम्हाला चुकीची खोली दाखवली जाईल.

कारागिराला आधी हे विचारा: दाबाची चाचणी करायचे यंत्र दुकानात आहे का? नसेल तर नम्रपणे घड्याळ परत घ्या. यंत्र असेल तर मागच्या झाकणाची आणि चावीच्या नळीतली रबर रिंग नवी बसवायला सांगा. काच काढली असेल तर तिची बैठकही. आधी कोरडी चाचणी व्हायला हवी. तिच्यात हवेच्या दाबाने केस किती दबते ते मोजतात, पाणी लागतच नाही. ती पास झाली तरच ओली. ओल्या चाचणीत यंत्रातल्या हवेचा दाब आधी वाढवतात, मग घड्याळ पाण्यात उतरवून दाब हळूहळू सोडतात. गळती असेल तर त्या जागेतून बुडबुडे निघतात आणि पाणी शिरण्याआधी घड्याळ वर काढता येते. बुडबुडे चावीपाशी निघाले, काचेच्या कडेला की झाकणाला, ते तुम्ही समोर उभे राहून पाहू शकता. मी तर गिऱ्हाइकाला बोलावून दाखवतो.

दर १० मीटर खोलीला साधारण एक बार दाब वाढतो. २०० मीटर लिहिलेल्या डायव्हिंगच्या घड्याळाला मानकानुसार त्याहून पाव हिस्सा जास्त, म्हणजे २५ बार झेपायला हवा. सगळ्या दुकानांतली यंत्रे तेवढी जात नाहीत, म्हणून चाचणी किती बारवर घेतली ते तारखेसकट बिलावर लिहून घ्या. ३० मीटर लिहिलेले घड्याळ ३० मीटर खोल न्यायचे नसते, ते हात धुण्यापुरते असते. ते घालून कुणी ग्रँड आयलंडला निघाला असेल तर त्याला बोटीवरच काढून ठेवायला सांगा. समुद्रात नेमाने जाणाऱ्यांनी ही चाचणी दरवर्षी ऑक्टोबर सरता सरता, पहिल्या बुडीआधी करून घ्यावी. नोव्हेंबरात गर्दी असते आणि घड्याळ परत मिळायला वेळ लागतो.